राजी आणि नाराजी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही अशी ताकीद होती. ज्यांनी ज्यांनी फोन करून "ब्लॉग बंद केला का?" असं विचारलं, त्यांचे मनापासून आभार. बंद केलेला नाही. विषय मात्र आज असा आहे की आमचे हे म्हणाले, "या वयात तू यावर लिहिणार? लोक हसतील." हसू देत बापडे. आजचा विषय आहे व्हिडिओ गेम, आणि तोही मारामारीचा!

झालं असं, की परवा कपाट आवरताना जुन्या दिवाळी अंकांमधून दोन फुलस्केप कागद पडले. नातवाचं अक्षर, निळी शाई. आणि त्यावर माझ्या लाल पेनच्या रेघा. चौतीस वर्षं नोकरी केली, पण लाल पेन काही सुटला नाही. घरी वाणसामानाची यादी आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते. ते कागद हातात घेऊन मी तिथेच खाली बसले. कपाट आवरायचं राहिलं ते राहिलंच.

गोष्ट २०२० सालची. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात मुलगा, सून आणि नातू पास काढून पुण्याहून वाशीमला आले. महिनाभरासाठी म्हणून आले ते चांगले आठ-नऊ महिने राहिले. मुलगा वरच्या खोलीत लॅपटॉपवर नोकरी करायचा, सूनबाई खालच्या खोलीत, आणि बारा वर्षांचा नातू जिन्यात बसून मोबाईलवर शाळा शिकायचा. कारण नेट म्हणे तिथेच चांगलं यायचं! मित्र नाहीत, मैदान नाही. गल्लीतली पोरं आपापल्या घरात कोंडलेली. त्याचा सगळा आधार म्हणजे मोबाईलवरचा तो पबजी. मित्रांशी बोलणंही त्या खेळातूनच चालायचं. २ सप्टेंबरला सरकारनं बाकीच्या चिनी अॅप्सबरोबर त्यावरही बंदी घातली, आणि आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही.

त्या दिवसांत जो तो 'आपलं' वापरा म्हणत होता. आपला साबण, आपला मोबाईल, आपला गेम. मीही त्यातलीच. टीव्हीवर चर्चा ऐकायची आणि जेवताना पोराला सुनवायची, "बघ, आपण का नाही बनवत असलं काही? नेहमी दुसऱ्याच्या तोंडाकडे काय बघायचं?" एका रात्री तो म्हणाला, "आजी, बनवलाय. पुण्यातच बनवलाय."

त्या गेमचं नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं केलेला. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड या तिघांनी मिळून काढलेली ही कंपनी. २०१७ साली त्यांनी गेमसाठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. तरी नेटानं काम चालू ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डोच्या यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबरला कॉम्प्युटरवर. नातवानं मला हे सगळं तोंडपाठ सांगितलं. त्याला पानिपतचं साल विचारलं असतं तर आलं नसतं, पण ते असो.

गोष्ट अशी. राजी नावाची एक पोर आहे, सर्कशीत कसरती करणारी. आपल्याकडे डोंबाऱ्याची पोर म्हणू तशी. तिचा धाकटा भाऊ गोलू. असुर पृथ्वीवर चाल करून येतात, मुलांना पळवतात, त्यात गोलूही जातो. त्याला सोडवायला राजी निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळतं, आणि तिच्या प्रवासाची हकीकत दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत आपल्याला सांगतात. शेवटचा शत्रू महाबलासुर.

मला तर ऐकूनच भरून आलं. १५ ऑक्टोबरला गेम कॉम्प्युटरवर आला आणि १७ ला घटस्थापना! त्या वर्षी अधिक आश्विन होता, म्हणून नवरात्र इतकं उशिरा. देवळं मार्चपासून बंद. माहूरची रेणुका आमची कुलदेवता, दरवर्षी नवरात्रात एक दिवस तरी जाणं व्हायचं, तेही त्या वर्षी नाही. म्हटलं, देवीनं घरीच यायचं ठरवलं असेल तर लॅपटॉपमधून का येईना! मीच ठरवलं की रोज संध्याकाळी आरती झाली, माळ चढवली, की तास-सव्वातास सगळ्यांनी मिळून गेम खेळायचा. नऊ दिवसांचं पारायण. नातवानं वाढदिवसाचे साठवलेले पैसे बापाकडे मोजून दिले आणि बापानं ऑनलाईन भरले.

पहिली माळ. मुलाच्या ऑफिसचं काम संपल्यावर त्याचा लॅपटॉप दिवाणखान्यात आला, टीव्हीला वायर जोडली. आणि मंडळी, काय ती चित्रं! जुन्या पहाडी चित्रांसारखे रंग, राजस्थानी महाल, जाळ्या, छत्र्या, पायऱ्यांच्या विहिरी. (पुण्यात बसून राजस्थान काढलं, एखादं हेमाडपंती देऊळ काढायचं होतं, असं मी म्हणाले. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.) संगीतात आपली वाद्यं, पण संगीतकार ग्रीक, लिनोस त्झेलोस नावाचे. मधे मधे पूर्वकथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या येतात, त्या बाली बेटावरच्या धर्तीच्या. मी लगेच सांगितलं की असल्या चामड्याच्या बाहुल्या आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीला आहेत, ठाकर समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या पडद्यामागे दिवा लावून त्या नाचवतात आणि रामायण सांगतात. नातू म्हणाला, "आजी, शू." देव मात्र इंग्रजीत बोलत होते. विष्णूचं इंग्रजी मला अर्धंच कळलं. बी.ए. मराठीतून केल्याचा तोटा तेव्हा प्रथमच जाणवला म्हणायचा :)

जमिनीवर रांगोळीसारखी वर्तुळं असतात, ती फिरवून चित्र जुळवलं की राजी आणि गोलूची जुनी आठवण दिसते. ते काम माझ्याकडे असायचं. मारामारी नातवाची. राजी भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या वेगात त्रिशुळाचा वार करते. पहिल्या दिवशी ते पाहून आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या माळेला मी हट्टानं म्हटलं, मला खेळू दे. चालायला डब्ल्यू, ए, एस, डी ही बटणं आणि उडी मारायला वेगळं. राजी पडद्यावर इतक्या लांबून दाखवलेली की मला ती मुंगीएवढी दिसायची. एका कठड्यावरून ती माझ्या हातून अकरा वेळा पडली. मला वाटलं माझी बोटं थकलेली, डोळे अधू, दोष माझाच. पण नातू खेळायला बसला तेव्हा त्याच्याही हातून पडायला लागली. तो म्हणाला, "आजी, मी बटण दाबतो ना, ती उशिरा ऐकते. आणि पुढचं काठ कुठे संपतंय ते दिसतच नाही." तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चौथ्या दिवसापर्यंत असुरही तेच तेच यायला लागले होते. गोल अंगण, चारी बाजूंनी दारं बंद, असुर येणार, मारायचे, दार उघडणार, पुन्हा पुढचं अंगण. त्याचं खांबावरचं गिरकी घेणंही बंद झालं. तो नुसता मुकाट्यानं बटणं दाबत होता. मी विचारलं, "काय रे, आवडत नाही का?" तर म्हणाला, "आवडतंय गं. गोलू भेटला पाहिजे ना."

पाचवी माळ, ललितापंचमी. मी शिंगाड्याचा शिरा केला होता. मधेच लाईट गेली, टीव्ही बंद पडला, म्हणून लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर सगळे दाटीवाटीनं बसलो. वाळवंट, आणि समोर महाबलासुर. पोरानं तीन-चारदा हरून अखेर त्याला पाडला. सगळे ओरडलो. आता गोष्ट पुढे सरकणार म्हणून मी पदर सावरून बसले, आणि गोलूचं नीट काय झालं हे कळायच्या आत पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं यायला लागली.

आम्ही वाट पाहिली. नावं संपली. मग सुरुवातीचं चित्र आलं.

"आता?" मी विचारलं.

"संपला," तो म्हणाला.

"असा कसा संपेल? अजून चार माळा आहेत."

हे मी असं म्हणाले खरं, जणू गेम बनवणाऱ्यांनी आमच्या घटाकडे बघून लांबी ठरवायला हवी होती. पण तेव्हा खरंच तसं वाटलं. पोरगं लॅपटॉप मिटून जिन्यात जाऊन बसलं. शिरा तसाच राहिला. उरलेल्या चार दिवसांत आम्ही आरतीनंतर पत्ते खेळलो. आम्हा मोठ्यांना हसू येत होतं, एका गेमचं काय एवढं! पण ज्या पोराची शाळा, मित्र, मैदान, सगळंच मधेच तुटलं होतं, त्यानं निदान ही एक गोष्ट शेवटापर्यंत जाईल असं धरलं असावं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी त्याला म्हणाले होते, "अरे, आपल्या लोकांनी केलंय, पहिलाच प्रयत्न आहे, इतकी नावं ठेवू नयेत."

दिवाळी झाली. नोव्हेंबरमध्ये बातमी आली की परदेशात गेम अॅवॉर्ड्स म्हणून मोठा सोहळा होतो, त्यात पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी जे पाच निवडले, त्यांत राजी आहे. (डिसेंबरमध्ये बक्षीस दुसऱ्या गेमला मिळालं, पण पाचांत येणंही काही थोडं नव्हे.) मी पेपर घेऊन जिन्यात गेले. "बघ! जगानं वाखाणलं. तुलाच काय ते आवडलं नाही." त्यानं बातमी वाचली आणि म्हणाला, "पाचांत आला ते छानच झालं. पण त्यांना चित्रं आवडली असतील. मलाही आवडली होती."

त्याच सुमारास त्याच्या मराठीच्या बाईंनी गृहपाठ दिला, नुकतंच पाहिलेलं नाटक, सिनेमा किंवा खेळ यावर परीक्षण लिहा, दोन पानं. त्यानं राजीवर लिहिलं. कागदावर लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा. पाठवण्याआधी म्हणाला, "आजी, शुद्धलेखन बघून दे."

तेच हे दोन कागद.

आता मी केलेला उद्योग सांगते. शुद्धलेखन मी बघितलंच. पण पेन तिथे थांबला नाही. त्यानं लिहिलं होतं, "मारामारी अडखळते. आपण बटण दाबल्यावर राजी उशिरा वार करते." मी खोडून वर लिहिलं, "मारामारीत कौशल्याची कसोटी लागते." त्यानं लिहिलं होतं, "तेच तेच असुर येतात, कंटाळा येतो." मी अख्खं वाक्य काढून टाकलं. त्यानं लिहिलं होतं, "गोष्ट अर्धीच राहिली." त्यावर माझं वाक्य, "पुढील भागाची उत्कंठा लागून राहते." आणि शेवटी माझ्या पदरचा एक परिच्छेद, ज्यात 'अभिमानास्पद' दोनदा आणि 'मातीतला' एकदा आहे. आज वाचताना मलाच शरम वाटली. चौतीस वर्षांत मी किती मुलांच्या किती वहीत असं 'मातीतलं' घातलं असेल कोण जाणे.

त्यानं कागद घेतला, वाचला. मग विचारलं, "आजी, उत्कंठा म्हणजे काय?"

मी सांगितलं, पुढे काय होईल याची ओढ.

"मग ती मला नाही लागली. मला राग आला होता."

"राग कशाला लिहायचा? पुण्याचीच माणसं आहेत, आपलीच. खिशातले पैसे आणि आयुष्याची इतकी वर्षं घालून त्यांनी..."

"म्हणून तर," तो म्हणाला. म्हणून तर काय, ते त्याला सांगता आलं नाही. थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तू पेपर तपासायचीस तेव्हा ओळखीच्या मुलांना जास्त मार्क द्यायचीस का?"

मी म्हटलं, "छे! कधीच नाही." आणि तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत मला १९८६ सालचा एक मुलगा आठवला.

तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. (आपला जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला, हे माझे वाचक मला पाठ म्हणून दाखवू शकतील इतक्यांदा मी इथे लिहिलंय.) दहावीतल्या एका मुलानं एकांकिका लिहिली, वाकाटक राजा हरिषेणावर. मीच वर्गात इतिहास शिकवताना रंगून सांगायची की अरे, आपलं हे वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची कितीतरी लेणी हरिषेणाच्या काळात कोरली गेली. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते इथे, वत्सगुल्मात. पोराच्या डोक्यात ते भिनलं. संवाद असे झणझणीत लिहिले होते की मी थक्क झाले. शेतकऱ्याचा मुलगा, घरात पुस्तक म्हणाल तर पंचांग.

पण एकांकिकेला शेवट नव्हता. राजा लेण्यासमोर उभा राहतो, लांबलचक स्वगत म्हणतो, आणि पडदा. मी त्याला तेवढं एकदाच विचारलं, "पुढे काय?" तर म्हणाला, "इतिहासातच नाही ना, बाई." खरंच आहे ते. हरिषेणानंतर वाकाटकांचं काय झालं, याचा सरळ पुरावा नाही. वा. वि. मिराशींनी दंडीच्या दशकुमारचरितातल्या एका कथेवरून तर्क बांधला आहे, पण तो तर्क. मी म्हटलं, बरोबर आहे, छान आहे. आपल्या वाशीमवर आपल्या मुलानं लिहिलंय, यातच आम्ही सगळे शिक्षक खूश. स्नेहसंमेलनात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. मग आम्ही ती अकोल्याला स्पर्धेला नेली.

अकोल्याच्या प्रेक्षकांना वाशीमचं काय? स्वगताच्या मध्यात हरिषेणाची मिशी पडली, लोक हसले, पडदा पडला आणि कोणाला कळलंच नाही की नाटक संपलं. परीक्षकांनी नंतर त्या मुलाला शांतपणे विचारलं, "राजाचं पुढे काय झालं हे तुला तरी माहीत आहे का?" परतीच्या एसटीत तो माझ्या मागच्या बाकावर होता. मेडशी येईपर्यंत काही बोलला नाही. मग पुढे वाकून हळूच म्हणाला, "बाई, तुम्हांले आधी दिसलं नव्हतं का?"

मला दिसलं होतं. पहिल्याच वाचनात. मी त्याला म्हटलं, "अरे, परीक्षकच तसले होते."

हे सगळं मी नातवाला सांगितलं नाही. त्याच्या हातातून कागद घेतला, कोरे दोन फुलस्केप आणून दिले आणि म्हटलं, तुझं तू पुन्हा लिही, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते. त्यानं आपली सगळी वाक्यं परत लिहिली. एक नवीन घातलं, "खूप सुंदर आहे म्हणून जास्त वाईट वाटलं." तेवढं मात्र मला माझ्या जन्मात सुचलं नसतं. तो कागद त्याच्याबरोबर पुण्याला गेला, माझा लाल केलेला इथे राहिला. पुढे २६ जानेवारी २०२१ ला तो फौजी नावाचा गाजावाजा झालेला देशी गेम आला. त्याबद्दल मी फोनवर विचारलं, तर एवढंच म्हणाला, "आजी, ज्यांनी खेळायच्या आधीच पाच तारे दिले होते ना, ते आता काढून घेतायत."

त्या मुलाचा, म्हणजे हरिषेणाचा, रिसोडला कृषी केंद्राचा धंदा आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. पन्नाशी ओलांडली. गृहपाठ पाठवून झाल्यावर दोन-तीन दिवसांनी मी धीर करून त्याला फोन केला. करोनाची चौकशी झाली, सोयाबीन पावसात भिजल्याचं रडून झालं. मग मी विषय काढला. तो खो खो हसला.

"बाई, मले त फक्त मिशी पडली तेच आठवते. अजून पोरं चिडवतात."

मी म्हटलं, "त्याला शेवट नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. मी सांगायला हवं होतं."

पलीकडे जरा वेळ नुसता दुकानातला आवाज येत होता. कोणीतरी युरियाचा भाव विचारत होतं.

"सांगतलं असतं त लिहिला असता मी," तो म्हणाला. "रातभर जागून लिहिला असता. तवा लय जोर होता अंगात." आणि लगेच, "बरं बाई, ठेवू का? गिऱ्हाईक आहे."

त्यानं पुढे काही लिहिलं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं होतं.

राजीची २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात देव आता हिंदी बोलतात. नातू आता अठरा वर्षांचा, पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला खेळायला वेळ नाही असं तो म्हणतो. परवा ते कागद सापडल्यावर मी त्याला फोन केला, लाल रेघांसकट वाचून दाखवले. 'कौशल्याची कसोटी' ऐकून तो इतका हसला की मलाही हसू आवरेना.

मी विचारलं, "ती नवी आवृत्ती खेळलास का?"

"नाही गं. मारामारी सुधारलीय म्हणतात."

"आणि गोलू?"

"ते खेळल्याशिवाय कसं कळणार? तू ये ना पुण्याला. तू रांगोळ्या जुळव, मी मारामारी करतो."

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. त्यानंतर पुन्हा महिनाभर पडदा बंद. म्हणजे जाणं होईल ते नवरात्राच्या सुमारास. यांना अजून सांगितलेलं नाही.